घरांतील फ्रीज : त्याचें कार्य आणि त्याची निगा

चैत्र-वैशाखांत आमच्या नगर जिल्ह्यांत दुपारीं पारा चाळीस अंशांच्या आसपास चढतो. अशा दिवसांत सकाळीं तापविलेलें दूध संध्याकाळपर्यंत टिकेल कीं नासेल, ही काळजी पूर्वीं प्रत्येक घरच्या गृहिणीस असे. दुधाचें भांडें पाण्याच्या परातींत ठेवावें, भाजीवर ओलें फडकें टाकावें, लोण्याचा गोळा पाण्यांत सोडावा, उरलेलें अन्न रात्रींच वांटून टाकावें, असे उपाय आमच्या आज्या-पणज्यांनीं वर्षानुवर्षें केले. आज शहरांत तर काय, पण राहुरी, पारनेर, शेवगांव, पाथर्डी या बाजूंच्या खेड्यांतहि फ्रीज कांहीं नवलाचा राहिलेला नाहीं. कोणीं तो हप्त्यानें घेतलेला असतो, कोणीं दुधाच्या पैशांतून शिल्लक टाकून, तर कोणीं मुलाच्या पहिल्या पगारांतून. परंतु ज्या आस्थेनें घरचा माठ घासून-पुसून सांभाळला जातो, त्या आस्थेनें हा महाग फ्रीज सांभाळला जातो, असें मात्र दिसत नाहीं. तो कोपऱ्यांत गुरगुरत उभा असतो तोंवर त्याची कोणास आठवण होत नाहीं; आणि ऐन मे महिन्यांत तो एके दिवशीं गप्प झाला म्हणजे सारें घर हवालदिल होऊन जातें.

आमच्याच घरची एक गोष्ट सांगतों, म्हणजे हा लेख लिहिण्याचें कारण वाचकांच्या ध्यानांत येईल. कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत इतका बर्फ सांठला कीं, आंतील ताटली जागची हालेना. घरांत पाहुणे, सरबताची घाई. आम्हीं धीर न धरतां स्वयंपाकघरांतील सुरी घेतली आणि बर्फ टोंचून काढूं लागलों. दोन-चार घाव घातले असतील-नसतील, तोंच फुस् असा बारीक आवाज झाला. आम्हांस वाटलें, बर्फ तडकला. संध्याकाळीं पाहतों तों फ्रीज चालू आहे, आंतील दिवा लागतो आहे, परंतु गारवा म्हणून नाहीं! दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. त्यानें कप्प्याच्या पत्र्यावरचें सुरीच्या टोंकाएवढें भोंक दाखविलें आणि तो म्हणाला, "गुरुजी, यंत्र चांगलें आहे, पण त्याचा प्राण तुम्हींच घालविलात." त्या फ्रीजमध्यें आमच्या वृद्ध मातोश्रींचें इन्शुलिन होतें. तें ओल्या रुमालांत गुंडाळून शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवावें लागलें, आणि पुढील बारा दिवस रोज दोन वेळां त्यांचें दार वाजवावें लागलें. शेजारी भले म्हणून निभावलें. मातोश्री आम्हांस एक शब्दहि बोलल्या नाहींत, आणि त्याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटलें. फ्रीज कसा चालतो एवढें जरी आम्हांस तेव्हां नीट ठाऊक असतें, तरी ती सुरी आम्हीं हातांत घेतली नसती. तें ज्ञान मागाहून कां होईना आम्हीं मिळविलें. तें येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आरंभीं थोडा इतिहास पाहूं. विजेचा फ्रीज येण्यापूर्वीं आपल्या देशांत बर्फ जहाजांतून येत असे, असें सांगितलें तर मुलांस हसूं येईल. परंतु तें खरें आहे. अमेरिकेंतील बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नांवाचा व्यापारी हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांवरील बर्फाच्या लाद्या कापवून घेई आणि त्या जहाजांत भरून परदेशीं पाठवी. 1833 सालीं त्याचें जहाज सुमारें चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास पोंचलें. पुढें लौकरच मुंबईसहि हा बर्फ येऊं लागला. याच बोस्टन शहरीं ज्या मिशनची मुख्य कचेरी होती, त्या मिशनचे पाद्री 1831 सालीं अहमदनगरास येऊन राहिले व त्यांनीं या भागांत शाळा काढल्या. म्हणजे ज्या गांवाहून आपल्याकडे शाळा आल्या, त्याच गांवाहून बर्फहि आला! परंतु जहाजांतला बर्फ श्रीमंतांच्या मेजवानीपुरताच होता. 1834 सालीं जेकब पर्किन्स या मूळच्या अमेरिकन, पण लंडनमध्यें राहणाऱ्या शोधकानें थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याच तत्त्वावर आजचा घरगुती फ्रीज चालतो. आपल्या देशांत 1958 सालीं गोदरेज कंपनीनें भारतीय बनावटीचा फ्रीज बाजारांत आणला. आज नगरहून पुण्यास जातांना शिरूर मागें टाकलें कीं रांजणगांवची औद्योगिक वसाहत लागते. तेथें व्हर्लपूल, एलजी व हायर या कंपन्यांचे फ्रीज बनविण्याचे कारखाने आहेत. तेव्हां ही वस्तु आतां परक्याची राहिलेली नाहीं, ती आपल्या शेजारींच तयार होते.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. फ्रीज थंडी तयार करतो, असें आपण सहज बोलून जातों. शास्त्रदृष्ट्या पाहतां हें म्हणणें बरोबर नाहीं. थंडी ही कोणी घडविण्याची वस्तु नव्हे. उष्णता कमी होणें म्हणजेच थंडी. फ्रीज एवढेंच करतो कीं, आपल्या पोटांतील उष्णता उचलतो आणि ती बाहेर नेऊन टाकतो. हें एक वाक्य ज्यानें मनांत धरलें, त्यास फ्रीजच्या निगेचे बहुतेक नियम न सांगतां सुचतील.

उष्णता उचलावयाची कशी, याची युक्ति आपल्या माठांतच आहे. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें व वाऱ्यानें उडून जातें. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. ती उष्णता माठांतील पाण्यांतून घेतली जाते आणि उरलेलें पाणी गार होतें. फ्रीजमध्येंहि हेंच घडतें. फरक इतकाच कीं, तेथें पाण्याऐवजीं अगदीं कमी उष्णतेवर उकळणारा एक पदार्थ नळ्यांतून खेळविलेला असतो. हल्लींच्या बहुतेक घरगुती फ्रीजांत आयसोब्यूटेन नांवाचा वायु भरतात. हवेच्या साध्या दाबाखालीं तो शून्याखालीं सुमारें बारा अंशांवरच उकळतो. बर्फाच्या कप्प्याच्या भोंवतालच्या नळ्यांत त्याची वाफ होते, व ती होतांना तो आंतील दूध-भाज्यांची उष्णता ओढून घेतो.

माठांतलें पाणी उडून गेलें कीं गेलें. तो रोज नव्यानें भरावा लागतो. फ्रीजमधील वायु मात्र बंद नळींतच फिरत राहतो, आणि येथें आपणांस मोटेचा दृष्टान्त उपयोगीं पडेल. मोट आतां विहिरींवरून गेली. परंतु घरांतील वडील मंडळींस ती आठवत असेल, व मुलांनीं चित्रांत तरी पाहिली असेल. विहिरींतलें पाणी आपण होऊन वर येत नाहीं. बैल धावेवरून उतरतात तेव्हां मोट वर येते आणि थारोळ्यांत रिती होते. तेथून पाणी पाटानें मळ्यांत जातें. फ्रीजमध्यें विहिरीच्या जागीं त्याचें थंड पोट आहे, पाण्याच्या जागीं उष्णता आहे, आणि बैलांच्या जागीं आहे खालीं मागच्या बाजूस बसविलेला काळा, गुबगुबीत डबा, म्हणजे कॉम्प्रेसर. तो आंतून आलेली वाफ ओढून घेऊन जोरानें दाबतो. दाबल्यामुळें ती खूप तापते व मागच्या जाळीच्या नळ्यांत जाते. या जाळीस कंडेन्सर म्हणतात. हेंच आपलें थारोळें. तेथें उष्णता खोलीच्या हवेंत ओतली जाते, वाफेचा पुनः द्रव होतो, आणि तो केंसासारख्या बारीक नळींतून जातां जातां त्यावरचा दाब उतरून पुनः आंतल्या नळ्यांत पोंचतो. हें चक्र अहोरात्र चालू असतें. पोट पुरेसें गार झालें कीं आंतील थर्मोस्टॅट नांवाचा नियामक कॉम्प्रेसर बंद करतो. पुनः उष्णता वाढली कीं तो सुरू करतो.

बैलांस विसांवा मिळाला नाहीं तर ते लौकर थकतात. कॉम्प्रेसरचेंहि तसेंच आहे. ज्या घरीं त्यास मधून मधून विसांवा मिळतो तेथें फ्रीज दहा-पंधरा वर्षें व त्याहूनहि अधिक काळ सुखानें चालतो. जेथें तो दिवसभर धापा टाकतो तेथें विजेचें बिल वाढतें व आयुष्य घटतें. म्हणून निगा म्हणजे काय, तर बैलांवरचें ओझें कमी करणें. तें कसें करावयाचें हें आतां क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट थारोळ्याची. थारोळें तुंबलें तर मोटेचें पाणी पुनः विहिरींतच पडेल. फ्रीज भिंतीस चिकटवून ठेविला, त्याच्या मागें पिशव्या-झाडू कोंबले, वर जाड कापड घालून त्यावर खोकीं रचलीं, म्हणजे तसेंच होतें. बाहेर टाकलेली उष्णता जागच्या जागीं कोंडते. मागें निदान दहा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराचा अर्धा तरी भाग, मोकळा असावा. बाजूंस व वरहि थोडी जागा असावी. कित्येक नव्या फ्रीजांस मागची जाळी दिसत नाहीं. ती बाजूच्या पत्र्याच्या आंत बसविलेली असते, त्यामुळें बाजू हातास कोमट लागते. तो दोष नव्हे. परंतु अशा फ्रीजची बाजू भिंतीस टेंकवूं नये. चूल, गॅसची शेगडी व पश्चिमेच्या खिडकीचें ऊन यांपासून त्यास दूर ठेवावें. स्वयंपाकघरांत जागा नसेल तर माजघरांत ठेवावा. त्यांत कमीपणा नाहीं.

नगरकडची हवा कोरडी. उन्हाळ्यांत वारा सुटला कीं अंगणांतली धूळ घरभर होते. ही धूळ व फोडणीचा तेलकट धूर मिळून मागच्या जाळीवर जो थर बसतो, तो जणूं तिला घोंगडें पांघरवितो. म्हणून दर तीन महिन्यांनीं प्लग काढून, फ्रीज हलकेच पुढें ओढून, मऊ कुंचल्यानें जाळी झाडावी. पाणी मारूं नये व नळ्या वांकवूं नयेत. हें काम अर्ध्या तासाचें आहे, आणि आमच्या मतें सर्व निगेंत अधिक फळ देणारें हेंच.

दुसरी गोष्ट बाहेरून आंत येणाऱ्या उष्णतेची. विहिरीस बाजूनें झरे फुटले तर बैलांनीं उपसावें तरी किती? फ्रीजच्या दाराभोंवतीं रबराची एक पट्टी असते. तिच्या आंत लोहचुंबक असतो व त्यानें दार घट्ट मिटतें. या पट्टीवर दुधाचे ओघळ, तेल व खरकटें सांठून ती चिकट होते, मग कडक होऊन चिरते. महिन्यांतून दोनदां कोमट पाण्यांत थोडा साबण घालून मऊ फडक्यानें ती पुसावी व कोरडी करावी. तिची परीक्षा मुलांनींच घ्यावी. एक नोट दारांत अर्धी धरून दार मिटावें व नोट हळूच ओढावी. ती अडकून आली तर पट्टी ठीक आहे. अलगद सुटून आली तर त्या ठिकाणीं फट आहे. अशी चारी बाजूंनीं परीक्षा घ्यावी. पट्टी बदलण्यास फार खर्च येत नाहीं. परंतु न बदलल्यास रोज थोडा थोडा खर्च होत राहतो आणि तो दिसत मात्र नाहीं. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवावे, म्हणजे अर्धवट उघडें राहिलेलें दार आपण होऊन मिटतें.

कढत आमटीचें पातेलें तसेंच आंत ठेवूं नये. तें ठेवणें म्हणजे विहिरींत बाहेरून पाणी ओतणें होय. तथापि अन्न निवण्यास म्हणून रात्रभर बाहेर ठेवणेंहि चुकीचें. शिजलेलें अन्न पसरट भांड्यांत काढून, तें भांडें पाण्याच्या परातींत ठेवून लौकर निववावें आणि दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें ठेवावें. हा परातीचा उपाय आज्यांचाच. तो अजूनहि तितकाच चांगला आहे. पातळ पदार्थ नेहमीं झांकून ठेवावे, नाहींतर त्यांची वाफ होऊन बर्फाच्या कप्प्यावर जाऊन बसते. फ्रीज ठासून भरूं नये. भांड्यांभोंवतीं हवा खेळली पाहिजे. आणि दार उघडून, काय घ्यावें याचा विचार करीत उभें राहण्याची मुलांस जी संवय असते ती सोडावी. आधीं विचार, मग दार, हा क्रम बरा.

तिसरी गोष्ट बर्फाची, जींत आम्ही फसलों. एका दाराच्या साध्या फ्रीजांत हवेंतील बाष्प थंड पत्र्यावर गोठून बर्फाचा थर चढतो. हा थर गारव्यास मदत करतो असें अनेकांस वाटतें. वस्तुतः पत्रा व अन्न यांच्यामध्यें तो पडद्यासारखा उभा राहतो आणि उष्णता उचलूं देत नाहीं. थर पांच-सहा मिलिमीटर जाड झाला कीं तो वितळवावा. त्यासाठीं बटण असल्यास तें दाबावें. नसल्यास फ्रीज बंद करून दार उघडें ठेवावें. घाई असेल तर कप्प्यांत कोमट पाण्याचें भांडें ठेवावें. खालीं फडकें पसरावें, पाणी टिपून घ्यावें, सर्व कोरडें झालें म्हणजे फ्रीज पुनः सुरू करावा. सुरी, विळी, पेंचकस यांपैकीं कांहींहि बर्फास लावूं नये. पत्र्याच्या आंत वायूच्या नळ्या आहेत, व त्या पत्र्याची जाडी ती किती! शिवाय आयसोब्यूटेन हा पेट घेणारा वायु आहे. चुकून नळी फुटलीच, तर खिडक्या-दारें उघडावीं, जवळ काडी ओढूं नये, कोणतेंहि बटण दाबूं नये व कारागिरास बोलवावें. जे फ्रीज आपला बर्फ आपणच वितळवितात, त्यांत बर्फाचा जाड थर दिसला तर तें दुखण्याचें लक्षण समजावें.

चवथी गोष्ट विजेची. उन्हाळ्याच्या अखेरीस वळिवाचा पाऊस व वावटळ आली म्हणजे वीज जाते-येते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. कॉम्प्रेसर नुकताच बंद पडला असतां नळ्यांच्या एका बाजूस दाब अधिक व दुसरीकडे कमी असतो. तो सारखा होण्यास कांहीं मिनिटें लागतात. तेवढ्यांत वीज येऊन तो पुनः सुरू होऊं पाहील तर त्याची अवस्था, मोट अर्ध्यावर असतां बैलांस एकाएकीं ओढावयास लावल्यासारखी होते. साधी मोटार अशा वेळीं अडून राहते व तापते. म्हणून वीज जातांच फ्रीज बंद करावा व आल्यावर पांच मिनिटांनीं सुरू करावा. किंवा एवढा विलंब आपणच करणारा स्टॅबिलायझर बसवावा. विजेचा दाब फार उतरतो अशा वस्तींत तर तो अवश्य असावा. कांहीं नव्या फ्रीजांत दाबाची चढ-उतार सोसण्याची योजना असते; आपल्या फ्रीजचें काय आहे, तें त्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावें. ही पुस्तिका रद्दींत घालूं नये. फ्रीजला स्वतंत्र सॉकेट व चांगलें अर्थिंग असावें. एकाच बोर्डावर मिक्सर, इस्त्री व फ्रीज यांची गर्दी करूं नये. वीज नसतांना दार उघडूं नये. तें बंद राहिलें तर आंतील गारवा सुमारें चार तास अन्नास पुरतो.

घर बदलतांना फ्रीज उभाच न्यावा. टेंपोंत आडवा टाकावाच लागला, तर नव्या घरीं उभा करून कांहीं तास तसाच राहूं द्यावा. कारण कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत गेलेलें असतें व तें परत उतरण्यास वेळ लागतो. पेढे वांटण्याच्या घाईंत लगेच बटण दाबूं नये.

पांचवी गोष्ट स्वच्छतेची. महिन्यांतून एकदां आंतील सामान काढून, कोमट पाण्यांत थोडा खाण्याचा सोडा घालून कप्पे पुसावे. वासहि त्यानें जातो. तारेच्या काथ्यानें घासूं नये. गार कांचेवर कढत पाणी ओतूं नये, ती तडकते. आंत मागच्या भिंतीस तळाशीं एक लहान भोंक असतें. त्यांतून आंतील पाणी बाहेर जातें. तें कोथिंबिरीच्या पानानें तुंबलें कीं भाजीच्या खणांत पाणी सांचतें व लोक फ्रीज गळतो म्हणतात. मऊ काडीनें तें मोकळें करावें. हें पाणी ज्या ताटलींत पडतें ती मागें, कॉम्प्रेसरवर असते. ती कोणी पाहत नाहीं. परंतु डेंग्यू पसरविणारा डांस अशाच सांचलेल्या स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो. ताटली काढतां येत असेल तर आठवड्यास ती रिकामी करून घासावी. मागच्या उबेला झुरळें व उंदीर येतात आणि उंदीर वायर कुरतडतात. म्हणून तेथें अन्नाचे कण राहूं देऊं नयेत. सुटींत गांवीं जावयाचें असल्यास फ्रीज रिकामा करून, पुसून, प्लग काढून दार किंचित उघडें ठेवावें. बंद ठेविल्यास आंत बुरशी धरते.

आतां हें सारें ज्यासाठीं करावयाचें, त्याकडे पाहूं. अन्न बिघडविणारे सूक्ष्म जंतु पांच अंशांपासून साठ अंशांपर्यंतच्या उष्णतेंत झपाट्यानें वाढतात. म्हणून फ्रीजच्या मुख्य भागांत चार अंश, व स्वतंत्र फ्रीझर असल्यास त्यांत शून्याखालीं अठरा अंश असावे. हें अंदाजानें कळत नाहीं. पेल्यांत पाणी घेऊन त्यांत थर्मामीटर ठेवावा, पेला रात्रभर मधल्या कप्प्यांत राहूं द्यावा, आणि सकाळीं दार उघडतांच आंकडा वाचावा. हा प्रयोग आठवीच्या मुलासहि करतां येईल. मात्र ताप पाहण्याचा थर्मामीटर येथें उपयोगाचा नाहीं. नियामक उगाच शेवटच्या आंकड्यावर ठेवणें म्हणजे बैलांस विनाकारण चाबूक मारणें होय. भाजी गोठते ती निराळीच.

इन्शुलिन वापरणाऱ्यांच्या घरीं ही दक्षता दुप्पट हवी. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावयाची असते, आणि गोठलेलें इन्शुलिन पुनः वितळलें तरी निरुपयोगी होतें. म्हणून ती बर्फाच्या कप्प्यालगत ठेवूं नये. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बालकांच्या लसी याच दोन ते आठ अंशांत सांभाळतात. तेथील नियम पाहण्यासारखा आहे. लसींचें शीतयंत्र भिंतीपासून दूर असावें, त्यास स्वतंत्र स्टॅबिलायझर असावा, त्यांत खाण्याची वस्तु ठेवूं नये, आणि दिवसांतून दोन वेळां त्यांतील अंश वहींत लिहावे. जी शिस्त गांवच्या बालकांसाठीं पाळली जाते, तिचा थोडा अंश आपण आपल्या आई-आजीसाठीं घरीं पाळूं शकतों.

फ्रीजचें दुखणें ओळखण्याच्याहि कांहीं खुणा आहेत. कॉम्प्रेसर कधींच थांबत नाहीं. तो टक् असा आवाज करून लगेच बंद पडतो. बाहेरून हात लावतां झिणझिण्या येतात. कप्प्याच्या एकाच कोपऱ्यांत बर्फ धरतो व बाकी भाग कोरडा राहतो. अशी खूण दिसतांच जाणत्या कारागिरास बोलवावें. झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करावा व त्या फ्रीजला कोणासहि हात लावूं देऊं नये. कारागिरानें नुसता वायु भरून जाऊं नये. तो कोठून गेला तें भोंक आधीं शोधावें, असा आग्रह आपण धरावा. फुटक्या घागरींत पाणी भरून काय उपयोग?

वायूविषयीं आणखी एक. पूर्वींच्या फ्रीजांत सीएफसी जातीचा वायु असे. तो पेटत नसे, विषारी नसे, म्हणून फार वाखाणला गेला. परंतु 1974 सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, हा वायु आकाशांत उंच जाऊन, सूर्याच्या अपायकारक किरणांपासून आपलें रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराचा नाश करील. 1987 सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करार केला, आणि पुढें जगानें त्या वायूचें उत्पादन टप्प्याटप्प्यानें थांबविलें. घरोघरच्या कोपऱ्यांतील एका पेटीचा आकाशाशीं असा संबंध आहे. म्हणून जुना फ्रीज वाटेल त्या भंगारवाल्यास फोडावयास न देतां, विद्युत् कचरा रीतसर गोळा करणाऱ्यांकडे द्यावा. तो नेला जाईपर्यंत त्याचें दार काढून ठेवावें. लपंडाव खेळतांना मूल आंत शिरून कोंडलें जाऊं नये.

शेवटीं मुलांस एक विनंति. निगेचीं हीं कामें आईच्या ओझ्यांत भर म्हणून टाकूं नका, तीं आपसांत वांटून घ्या. दाराची पट्टी एकानें पुसावी, मागची ताटली दुसऱ्यानें पाहावी, जाळी झाडण्याची तारीख तिसऱ्यानें कॅलेंडरावर लिहावी. फ्रीज ओढण्याचें काम वडिलांकडे द्यावें. ज्याच्या हातीं जी वस्तु सोंपविली आहे ती त्यानें विश्वासूपणें सांभाळावी, ही शिकवण आपण शाळेंत लहानपणापासून ऐकत आलों. ती मोठ्या मालमत्तेपुरतीच आहे असें आम्हांसहि एके काळीं वाटे. आतां आमच्या घरीं दर तीन महिन्यांनीं जाळी झाडली जाते, बर्फ करंगळीएवढा होण्याआधींच वितळविला जातो, आणि मातोश्रींची कुपी मधल्या कप्प्यांत, थर्मामीटरच्या शेजारीं असते. तेथील आंकडा रोज सकाळीं त्या स्वतःच वाचतात, व चारापेक्षां अधिक दिसला तर आम्हांस हांक मारतात.